शेवटचा फर्मा

अंबाजोगाई,
३ जून २०२५

चि. योगिनी,

फोनवर मला तुझं अर्धं बोलणं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुझ्या कंपनीतल्या मशिनी खाऊन टाकतात. म्हणून हे पत्र. तूही पत्रानेच उत्तर दे. मोबाइलवर अंगठे उमटवून पाठवलेल्या मजकुराला मी पत्र मानत नाही, हे तुला माहीत आहेच.

बातमी मोठी आहे. पुण्यातली एक प्रकाशनसंस्था 'विस्मृतीत गेलेल्या महान कादंबऱ्या' अशी माला काढते आहे आणि तिच्यात माझी 'अश्मवेळा' घेतली आहे. १९९८ साली पहिली आवृत्ती निघाली. दुसरी निघाली नाही, कारण पहिली संपली नाही. आता सत्तावीस वर्षांनी ती निघेल. ऑक्टोबरात त्या निमित्ताने परिसंवाद ठेवला आहे: 'साहित्यकृती महान कशाने ठरते?' बीजभाषण माझं. कालातीतता, वैश्विक जाणीव आणि जीवनाचं समग्र दर्शन या तीन कसोट्यांवर बोलायचं ठरवलं आहे. उदाहरणादाखल कोणाची कृती घ्यावी हा प्रश्न होता, पण संकोच बाजूला ठेवून तो मी सोडवला आहे.

एक अडचण आहे. तिथली संपादक नेहा नावाची मुलगी म्हणते की मागच्या कव्हरवर समीक्षकांचं कौतुक नको, हल्ली सामान्य वाचकांचे अभिप्राय लागतात. माझ्या ओळखीत एकही सामान्य वाचक नाही. तुझ्या चाकणच्या कारखान्यात हजारभर माणसं असतील. त्यातल्या आठ-दहा जणांकडून कादंबरी वाचून घे आणि ते काय म्हणतात ते कळव. तुझ्या लग्नात दिलेली प्रत तुझ्याकडे आहेच. ती वाचून तू 'खूप खोल आहे' म्हणाली होतीस, ते मी विसरलेलो नाही.

खरं सांगायचं तर शहात्तरावं चालू आहे आणि मी एकच कादंबरी लिहिली. ती खरोखर मोठी आहे की नाही, एवढं जायच्या आधी कळलं तर बरं वाटेल.

तुझा,
उद्धवमामा


भोसरी,
२२ जून २०२५

प्रिय मामा,

हजारभर माणसांना एक प्रत वाटून द्यायची तर पानं सुटी करावी लागली असती. त्यावर आमच्याकडे आपोआप तोडगा निघाला.

पहिली पाळी तीनला सुटते. कंपनीची बस तिथून निघते आणि चाकणच्या चौकातल्या वाहतूककोंडीत येऊन उभी राहते. मग कुरुळीला उभी राहते, मग मोशीला. भोसरीला उतरेपर्यंत दोन तास कुठे गेले कळत नाही, असं म्हणणार होते, पण चांगलं कळतं. ड्रायव्हर विक्की गाणी लावायचा. त्यावरून भोजपुरीवाले आणि मराठीवाले यांची एकदा अशी जुंपली की एचआरने बसमध्ये गाणीच बंद केली. त्यातच मी पिशवीतून तुमचं पुस्तक काढलं.

आमच्या क्वालिटीत इन्स्पेक्शनला समाधान आहे, जिंतूरकडचा. गावी श्रावणात पोथी वाचायचा मान त्याच्याकडे असतो. आवाज असा की पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्येही ऐकू जाईल. त्याने पुस्तक उघडलं आणि रोज वीस-पंचवीस पानं वाचायला सुरुवात केली. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर उलटं तोंड करून बसतो, सगळ्यांना दिसेल असा.

आता खरं सांगू का? पहिल्या आठवड्यात कुरुळीच्या पुढे कोणी जागं नव्हतं. सकाळी चारला उठलेली माणसं ती. 'अश्मवेळा'च्या तिसऱ्या प्रकरणात रघुनाथ मास्तर नदीकाठी उभा राहून काळाचा विचार करतो ना, तेव्हा तर विक्कीलाही डुलकी लागली. बस उभीच होती म्हणून निभावलं.

मी म्हटलं, दुसरं काहीतरी हलकंफुलकं घेऊ. तर आमचे सयाजीभाऊ भडकले. हे चऱ्होलीचे. जमिनीवर बिल्डिंगा झाल्या, स्वतःचे दोन फ्लॅट आहेत, पण घरी बसून करमत नाही म्हणून मेंटेनन्सला येतात. म्हणाले, "मॅडम, आमच्यात सुरू क्येलेलं पारायण मधी सोडत न्हाईत. लई वाईट असतंय ते." मी सांगितलं की ही पोथी नाही, कादंबरी आहे. ते म्हणाले, "आसंल. वाचाया तर लागलोय न्हवं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तकाला गुंडाळायला लाल फडकं आणलं.

तेव्हा मामा, वाचन चालू आहे आणि आता ते पूर्ण होणार, याची मी हमी देते. अभिप्राय मात्र लोक जागे झाल्यावर कळवीन.

तुमची,
योगिनी


अंबाजोगाई,
१ जुलै २०२५

चि. योगिनी,

लाल फडकं! अगं, ज्या माणसाने आयुष्यभर वर्गात सांगितलं की पुस्तकाला हात जोडू नका, त्याच्याशी भांडा, त्याच्याच कादंबरीला तुम्ही लाल फडक्यात गुंडाळता? हळदकुंकू वाहिलं असेल तर मला कळवू नकोस.

झोपेबद्दल मला काही वाटत नाही. चौतीस वर्षं मी जेवणानंतरचा तास घेतला आहे. झोप हा साहित्याचा दोष नसतो, डब्याचा असतो.

पण त्या लोकांना सांग की शेवटासाठी दम धरा. 'अश्मवेळा'चं सारं सामर्थ्य शेवटात आहे. बारा वर्षं परागंदा झालेला मास्तर परत येतो, दारात उभा राहतो आणि मग यमुना, त्याची बायको, जे करते ते मराठी कादंबरीत आधी कोणी केलेलं नाही, हे मी नम्रपणे म्हणतो. कादंबरी निघाली तेव्हा एका ज्येष्ठ समीक्षकाने लिहिलं होतं: 'अखेरच्या दहा पानांतला करुण रसाचा महापूर वाचकाला मुळापासून हलवून सोडतो.' ते कात्रण मी अजून जपून ठेवलं आहे. त्याच वर्षी जिल्हा साहित्य सभेचा पुरस्कार मिळाला, त्याच्या मानपत्रातही 'हृदयद्रावक समारोप' असे शब्द आहेत. महान कृती शेवटाने ओळखू येते, असा एक परिच्छेदच मी भाषणात घातला आहे.

तेव्हा शेवट आला की समाधानला सावकाश वाचायला सांग आणि माणसांचे चेहरे नीट बघून ठेव. मला तेच कळायला हवं आहे.

तुझा,
उद्धवमामा


भोसरी,
९ ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,

उत्तराला उशीर झाला. ऑडिट होतं, मग सर्दी झाली, मग घरी पाहुणे आले. कारणं अजून हवी असतील तर आहेत.

वाचन शेवटाला पोचलं. त्या दिवशी कोणीच झोपलं नव्हतं, हे तुम्हाला आधी सांगते. मास्तर परत येतोय म्हटल्यापासून बस जागी होती. आमच्या वायरिंगच्या लाइनवर प्रभावती म्हणून आहे, करमाळ्याची, कॉन्ट्रॅक्टवर. तिचा नवराही मध्ये तीन वर्षं कुठे गेला होता ते तिलाच माहीत. एरवी ती खिडकीला डोकं लावून झोपायची. आता मास्तरने नदी ओलांडल्यावर तिने सगळ्यांना दम भरला, "खोकू नका रे कुणी." मोशीत सयाजीभाऊंचा थांबा आला तरी ते उतरले नाहीत. भोसरीपर्यंत आले आणि रिक्षाने परत गेले.

शेवट ऐकून सगळे सुन्न झाले. अगदी सुन्न. समाधानने पुस्तक उलटसुलट करून बघितलं.

बाकी सगळं क्षेम. मामींच्या गुडघ्याचं काय झालं?

तुमची,
योगिनी

ता. क. तुमच्याकडच्या प्रतीत शेवटचं पान कितवं आहे, जरा बघून कळवाल का? सहज विचारते आहे.


अंबाजोगाई,
१७ ऑगस्ट २०२५

चि. योगिनी,

बघितलं.

आधी कपाटातली प्रत काढली. मग माळ्यावरचा गठ्ठा सोडला. मग कॉलेजच्या ग्रंथालयात रिक्षा करून गेलो. सगळीकडे तीनशे चार पानं. 'त्याने कडी वाजवली. आतून' आणि पुढे पुठ्ठा. सोळा पानांचा एक फर्मा, असे एकोणीस फर्मे बांधलेले आहेत. विसावा फर्मा, ज्यात शेवट होता, तो बाइंडरने बांधलाच नाही. एका प्रतीत नाही, असं नव्हे. संपूर्ण आवृत्तीत नाही.

तू विचारशील की मला कसं कळलं नाही. मी प्रुफं तपासली होती, शेवट मला तोंडपाठ होता. स्वतःचं छापलेलं पुस्तक शेवटपर्यंत कोण वाचतं? हातात घेतो, वास घेतो, आपलं नाव बघतो आणि कपाटात ठेवतो.

पण बाकीच्यांचं काय, योगिनी? सत्तावीस वर्षांत मला एकाही माणसाने विचारलं नाही की आतून काय. पुरस्कार समितीत पाच जण होते. एका मुलीने या कादंबरीवर एम.फिल. केलं आणि मीच तिचा मार्गदर्शक होतो. आणि ते ज्येष्ठ समीक्षक, अखेरच्या दहा पानांत महापूर पाहणारे! ती दहा पानं कोणीच पाहिलेली नाहीत. महापूर त्यांच्या घरात आला असावा.

म्हणजे माझी कादंबरी कोणीही पुरती वाचली नाही. मी हसून लिहितो आहे असं तुला वाटेल, पण मला फार लागलं. मामीशीही दोन दिवस धड बोललो नाही.

तुझ्या 'खूप खोल आहे'बद्दल मी आता काही विचारत नाही.

उद्धवमामा


भोसरी,
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,

विचारलं नाहीत, तरी सांगते. चौथ्या प्रकरणापर्यंत वाचली होती. त्यापुढे खोलच खोल होती.

आता रागावून झालं असेल तर त्या दिवशीचं खरं ऐका. मी तुम्हाला 'सुन्न' लिहिलं ते खोटं नव्हतं, फक्त पुढचं लिहिलं नाही. समाधानने 'आतून' वाचलं, पान उलटलं आणि तिथे पुठ्ठा. मग प्रभावती ओरडली, "आतून काय? अवो वाचा की!" समाधान म्हणाला, "संपलंय." त्यानंतर जो गोंधळ झाला तो मला नीट सांगता येणार नाही. विक्कीनेही गाडी बाजूला लावली, म्हणजे चालू असती तर लावली असती.

सयाजीभाऊंचं म्हणणं, आतून खोकल्याचा आवाज आला, म्हणजे म्हातारी सासू अजून जिवंत आहे. समाधानचं म्हणणं, आतून परक्या पुरुषाचा आवाज आला. बारा वर्षं म्हणजे काय थोडी झाली का? प्रभावती त्याच्यावर अशी धावून गेली! ती म्हणते, आतून काहीच आलं नाही, यमुना दाराच्या मागे कडी धरून उभी होती. ओडिशाचा एक मुलगा आहे, त्याला मराठी अर्धंमुर्धं कळतं. तो म्हणाला की घर रिकामं आहे. त्यावर सगळे मिळून त्याला बोलले. सयाजीभाऊ आणि समाधान यांची मिसळीची पैज लागली आहे, अख्ख्या बसला मिसळ.

आणि पारायण अपुरं राहून चालत नाही ना? शेवट मिळेपर्यंत थांबायचंही चालत नाही म्हणे. म्हणून दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिल्या पानावरून सुरू केलं. या वेळी लोक कान देऊन ऐकताहेत, पुरावे शोधायला. आठव्या प्रकरणात यमुना गाय विकत नाही, ते आता कोणाच्या बाजूने जातं यावर परवा चाकण ते मोशी भांडण झालं. तिसऱ्या प्रकरणातल्या नदीकाठच्या विचारांत मात्र अजून झोपतात, तेवढं तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

मामा, पाच पंडितांनी जे केलं नाही ते या बसने केलं. शेवटपर्यंत पोचणारे तुमचे पहिले वाचक हेच. आता कृपा करून तो शेवट पाठवा. सगळे रोज मला विचारतात. मिसळ अडकली आहे.

तुमची,
योगिनी


अंबाजोगाई,
२० सप्टेंबर २०२५

चि. योगिनी,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघा, वाचलं की कोणीतरी." तिने स्वतः वाचलेली नाही, ते असो.

हस्तलिखित प्रकाशकाकडे होतं. प्रकाशक गेले, छापखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. पण शेवट माझ्या डोक्यात जसाच्या तसा होता. महिनाभर बसून तो पुन्हा उतरवला आणि उतरवताना, खोटं का बोलू, पहिल्यापेक्षा सरस झाला. सोबत पंधरा पानं आहेत. मास्तर कडी वाजवतो. आतून यमुनेचा आवाज येतो. दार न उघडता ती बोलू लागते. बारा वर्षांचा एकांत, प्रतीक्षेचं वैयर्थ्य, स्त्रीचं आणि दगडाचं नातं, काळाची निर्ममता, हे सारं चार पानांच्या स्वगतात येतं. मग मास्तर वळतो आणि नदीत उतरतो. शीर्षकाचा अर्थ तिथे उलगडतो. समाधानला सांग, स्वगताला घाई नको.

नेहालाही मी कळवलं आहे की हरवलेला समारोप सापडला. ती हरखली. म्हणते, कव्हरवर पट्टी टाकू: 'प्रथमच संपूर्ण.' तिला आता फक्त तुझ्या बसचे अभिप्राय हवे आहेत. ते आले की पुस्तक छपाईला जाईल. म्हणजे ही पानं माझ्या नावावर कायमची राहणार. त्यामुळे तुझ्या लोकांचं काय मत पडतं याची मी वाट पाहतो आहे. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पेपरला मार्क दिले, पण निकालाची अशी धाकधूक बी.ए.नंतर पहिल्यांदाच होते आहे.

गंमत बघ. माझी पीएच.डी. एका जुन्या पोथीतल्या प्रक्षिप्त ओव्यांवर होती, म्हणजे मूळ कवीच्या नसलेल्या, मागाहून कोणीतरी घुसडलेल्या. दोनशे सत्तर ओव्या मी तांबड्या पेन्सिलीने काढून टाकल्या. पोथीतली भर ओळखून काढणारा मी, आता स्वतःच्या पुस्तकात भर घालतो आहे. पण ही भर नाही. ही माझीच आहे.

तुझा,
उद्धवमामा


भोसरी,
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. तुमची तब्येत बरी आहे ना? बसून वाचा.

सोमवारी समाधानने तुमची पंधरा पानं वाचली. दुसरं वाचनही त्याच दिवशी 'आतून'पर्यंत आलं होतं, त्यामुळे अगदी सलग वाचली. प्रभावती पहिल्या सीटवर येऊन बसली होती. यमुना बोलायला लागली. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर 'काळाची निर्ममता' आली तेव्हा सयाजीभाऊंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. तिसऱ्या पानावर समाधान स्वतःच थांबला. म्हणाला, "मॅडम, ही यमुना एवढं कशाला बोलायलीय?"

मी म्हटलं, पुढे वाच. त्याने मान खाली घालून वाचलं. मास्तर नदीत उतरला. एरवी पैज म्हटल्यावर कोणीतरी जिंकलं-हरलं असतं. या वेळी मिसळीचं कोणी नावही काढलं नाही. मग प्रभावती बोलली. ते जसंच्या तसं लिहिते.

"ही ती न्हवं. ती बाई गाय विकाय आलेल्याला नुसतं 'नाही' म्हणली. दीर वाटणी मागाय आला तर चुलीत लाकूड सारलं आन् गप बसली. आख्ख्या पुस्तकात कधी लांबड लावली नाही तिनं. आन् आता नवरा दारात आल्यावर भाषण करती? दगडाचं आन् बाईचं नातं सांगती? ह्ये दुसऱ्याच कुणाचं तरी बोलनं हाय."

सयाजीभाऊंनी लगेच निकाल दिला. "ह्ये मागनं कुणीतरी घुसडलंय. आमाला काय येडं समजता व्हय?"

मामा, मी आधी तुमचं नाव घेतलं नव्हतं. आता सांगितलं की हे लेखकाने स्वतः लिहून पाठवलं आहे. तर त्यांचा विश्वास बसेना. लिहिणाऱ्याला आपली माणसं कळत नाहीत असं कुठे असतं का, म्हणाले. मग सगळ्यांचं असं ठरलं की मॅडमनीच हे घरी बसून लिहिलं, मिसळीची पैज मोडायला. समाधान तर मला बाजूला घेऊन समजावत होता की क्वालिटीवाल्यांनी असं करू नये.

तुमची पंधरा पानं त्यांनी मला परत दिली. फडक्यात ठेवली नाहीत. आज तिसरं वाचन सुरू झालं. शेवट 'आतून' हाच.

मी त्यांच्याशी भांडायला हवं होतं. तुमची भाची म्हणून मी भांडायला लागलेही. पण खरं सांगते, या दुसऱ्या वेळेला मीही सगळं ऐकलं होतं, आणि चौथ्या प्रकरणाच्या पुढची यमुना मला आवडायला लागली होती. ती ते बोलणार नाही, मामा. मला वाईट वाटतं, पण ती बोलणार नाही.

आता नेहाला काय कळवायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणालात तर मी कव्हरसाठी दहा गोड अभिप्राय स्वतः लिहून देते. सह्या विक्की करील.

तुमची,
योगिनी


अंबाजोगाई,
१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय योगिनी,

पहिले दोन दिवस मी तुझ्या त्या बसला मनातल्या मनात काय काय म्हणालो, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. कारखान्यातली माणसं आता लेखकाला सांगणार की त्याचं काय आणि कोणाचं काय! प्रभावतीबाईंना उत्तर म्हणून सहा पानी पत्रही लिहिलं. त्यात यमुनेच्या अबोलपणामागचं तत्त्वज्ञान समजावून सांगितलं होतं.

ते लिहिताना संदर्भ हवा म्हणून 'अश्मवेळा' उघडली. पहिल्या पानापासून वाचायला बसलो. छापून आल्यापासून पहिल्यांदाच. तिसऱ्या प्रकरणात नदीकाठी मलाही झोप लागली. मामीने चहाला उठवलं.

मग पीएच.डी.ची जुनी टिपणं काढली. भर कशी ओळखावी याचे नियम मीच त्या वेळी लिहिले आहेत. पात्राची भाषा अचानक बदलते. जे आधी न सांगता कळलेलं असतं ते पुन्हा सांगितलं जातं. मूळ कवीला जे म्हणायचं असतं त्यापेक्षा भर घालणाऱ्याला स्वतःचं शहाणपण जास्त दाखवायचं असतं. पंधरा पानं समोर ठेवली आणि तांबडी पेन्सिल घेतली. कुठून सुरुवात करावी हा प्रश्नच आला नाही, पहिल्या ओळीपासून करावी लागली. शेवटी पेन्सिल ठेवून दिली, कारण काढून टाकायचं राहिलेलं काही नव्हतं. हे १९९८ साली छापलं गेलं असतं तर माझी कादंबरी बुडाली असती. तिला त्या बाइंडरने वाचवलं, आणि त्याचं नाव मला माहीत नाही.

नेहाला कळवलं की पुस्तक 'आतून' या शब्दावर संपेल, पूर्णविरामही नको. ती घाबरली. वाचक तक्रार करतील, प्रती परत येतील, म्हणाली. 'प्रथमच संपूर्ण' ही पट्टी छापूनही झाली होती. मी म्हटलं, ती पट्टी दुसऱ्या कोणाच्या तरी पुस्तकाला वापरा. ती म्हणाली, "सर, मग परिसंवादात शेवटाचं काय सांगायचं?" महान कृती कशाने ठरते असं विचारलं, तर बाइंडर विसराळू असावा लागतो असं भर सभेत कसं सांगणार? भाषणाचे कागद मी चौथ्यांदा बाजूला सारले आहेत. कालातीतता आणि वैश्विक जाणीव यांच्यापुढे पेन जात नाही. व्यासपीठावर जाऊन तुझ्या बसची हकीकत सांगावी आणि खाली बसावं, असं वाटू लागलं आहे.

पण हे सांगायला पत्र लिहीत नाही. काल दुपारी वाचत वाचत शेवटाला आलो. मास्तर नदी ओलांडून आला. गल्लीत कोणी त्याला ओळखलं नाही. त्याने कडी वाजवली. इतकी वर्षं मला वाटत होतं की पुढचं मला पाठ आहे. आणि योगिनी, मला पुढचं काही माहीत नव्हतं. पुठ्ठ्याकडे बघत बसलो. त्या माणसाने बारा वर्षं जे केलं त्यानंतर तिने दार का उघडावं? आणि नाही उघडलं तर तो कुठे जाईल? मीच त्याला घराबाहेर काढला आणि मीच त्याला तिथे आणून उभा केला, आणि आता त्याच्यासाठी काही करणं माझ्या हातात नाही. मला फार भीती वाटली.

प्रभावतीबाई म्हणतात की यमुना दाराच्या मागे कडी धरून उभी आहे. त्यांना एवढं विचार: उघडायला धरली आहे, की घट्ट लावून ठेवायला? त्यांना काय वाटतं ते लवकर कळव.

तुझा,
उद्धवमामा